आकडा नको, आधी बाण बघा

“किती आहे गं शुगर?” हा प्रश्न मी १९८६ पासून ऐकते आहे. तेव्हा मी सातवीत होते, आम्ही लालबागला राहायचो आणि टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्शुलिनच बनत नाही तो मधुमेह, आमच्या चाळीत कुणालाच ठाऊक नव्हता. आधी आई विचारायची, मग बाबा, लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा नवरा आणि सासूबाई, आता लेक पुण्याहून फोन करून विचारतो. प्रश्न मायेचाच आहे. पण दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर आल्यापासून मला तो अपुरा वाटायला लागलाय. शुगर किती आहे, यापेक्षा ती कुठे चालली आहे हे कळणं माझ्यासारखीला जास्त गरजेचं असतं. आज त्याबद्दलच सविस्तर लिहायचंय, कारण नव्याने सेन्सर लावलेली बरीच मंडळी अजून नुसत्या आकड्यालाच घाबरताना दिसतात.

आधी थोडं जुनं सांगते. माझ्या लहानपणी घरी रक्तातली साखर मोजायची सोय आमच्यासारख्यांकडे नव्हती. होतं ते बेनेडिक्टचं निळं द्रावण. काचेच्या नळीत ते पाच मिली घ्यायचं, ड्रॉपरने लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. आई नळी चिमट्यात तिरकी धरून सारखी हलवत राहायची, कारण सरळ धरली की द्रावण उसळून हातावर येतं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवट झाला तर थोडी, मग पिवळा, नारिंगी आणि विटकरी झाला की आईचा चेहरा उतरायचा. बाबा वहीत तारखेपुढे रंग लिहून ठेवायचे. इन्शुलिनची बाटली शेजारच्या काकूंच्या फ्रीजच्या दारात असायची आणि काचेची सिरिंज रोज उकळून घ्यावी लागायची.

त्या रंगांवर आम्ही वर्षानुवर्षं विसंबून होतो. पण रक्तातली साखर (शंभर मिली रक्तामागे) साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. शिवाय लघवी जमा व्हायला काही तास लागतात, म्हणजे तो रंग मागच्या काही तासांचा असतो. आणि सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे शुगर १४० असो की धोक्याइतकी कमी, ४०, रंग निळाच. निळा रंग बघून आई खूश व्हायची, “आज छान आहे हो,” म्हणायची, आणि मी तिच्यासमोर घामाने भिजलेली, थरथरत बसलेली असायचे. तिला तरी काय कळणार! ती निळ्या रंगावरच देवाचे आभार मानायची.

मग ग्लुकोमीटर आला. बोट टोचा, पट्टीवर थेंब घ्या, काही सेकंदांत आकडा हजर. आमच्यासाठी तो मोठाच दिलासा होता, आजही आहे. पण आकडा एका क्षणाचा असतो. प्लॅटफॉर्मला उभ्या लोकलचा फोटो दाखवला तर ती ठाण्याला निघालीय की सीएसएमटीला हे कुणी सांगू शकेल का? बोटाच्या थेंबाचं तसंच. ११० आले, ठीक. पण हे ११० शुगर उतरताना भेटलेत की चढताना?

सेन्सर नेमकं हेच सांगतो. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडीशी मोठी चकती, दंडाच्या मागच्या बाजूला. लावायचं यंत्र त्वचेवर टेकवून दाबलं की टक् आवाज येतो. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते आणि जेमतेम पाच मिलिमीटरचा, केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो. त्या तंतूवर ग्लुकोजशी क्रिया करणारं एन्झाइम असतं, त्या क्रियेतून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून साखरेचा अंदाज बांधला जातो. माझा सेन्सर १४ दिवस चालतो. लावल्यावर पहिला तासभर तो काहीच सांगत नाही, आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर मी तरी डोस ठरवत नाही, बोट टोचूनच बघते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. हा तंतू रक्तात नसतो. तो पेशींच्या मधल्या द्रवात असतो, आणि रक्तातली साखर त्या द्रवात उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असताना या उशिराने काही बिघडत नाही, पण वेगाने वर-खाली होत असेल तर सेन्सर आणि ग्लुकोमीटर यांचे आकडे जुळत नाहीत. लोक मग म्हणतात, “मशीन खोटं आहे.” खोटं नसतं, थोडं मागून येत असतं.

आता बाणाकडे येते. स्क्रीनवर आकड्याशेजारी छोटा बाण असतो. आडवा असेल तर शुगर जवळपास स्थिर आहे, मिनिटाला एक मिलिग्रॅमपेक्षा कमी बदल. तिरका असेल तर मिनिटाला एक ते दोन. सरळ उभा, वर किंवा खाली, तर मिनिटाला दोनपेक्षाही जास्त. एवढंच गणित आहे, चौथीतल्या मुलालाही जमेल. पण या गणिताने माझा रोजचा प्रवास बदलला.

मी मुलुंडहून सव्वाआठच्या सुमाराची फास्ट पकडते, ऑफिस फोर्टात. समजा स्टेशनच्या पुलावर फोन बघितला आणि ११८ दिसले. ग्लुकोमीटरच्या काळात ११८ म्हणजे उत्तम, चला गाडीत. आता ११८ शेजारी तिरका खाली बाण असेल तर मी तिथेच हिशोब करते. मुलुंड ते दादर फास्टने पंचवीसेक मिनिटं. मिनिटाला एकने उतरली तर दादरला ९३, दोनने उतरली तर ६८. आणि घाटकोपर ते दादर बायकांच्या डब्यात हात वर करून पर्सची चेन उघडणंसुद्धा मुश्कील असतं. म्हणून मी पुलावरच दोन बिस्किटं खाऊन मग जिना उतरते. तेच ११८ आणि बाण आडवा असेल तर काहीही न खाता चढते. आकडा एकच, वागणं वेगळं.

वरच्या आकड्यांचंही तसंच आहे, किंबहुना तिथे बाणाची जास्त गरज आहे. जेवणानंतर २४० दिसले की नव्या माणसाचा हात आपसूक इन्शुलिनच्या पेनाकडे जातो. थांबा. बाण खाली असेल तर आधी घेतलेलं इन्शुलिन काम करतंय. जलद इन्शुलिनचा असर साधारण चार तास टिकतो. त्यावर आणखी इन्शुलिन घेतलं की दोन्ही मिळून तुम्हाला दोन तासांनी जमिनीवर आणतात. २४० आणि बाण आडवा, तर वाट बघायची, पाणी प्यायचं, डॉक्टरांनी आखून दिलेला सुधारणेचा, म्हणजे वाढलेली शुगर उतरवायचा, डोस लागतो का ते बघायचं. २४० आणि बाण सरळ वर, तर प्रकरण वेगळं. माझ्या डॉक्टरांनी मला हे तीन बाण तीन वेगळ्या कागदांवर काढून दिले होते. त्यांचे शब्द होते, “आकडा वाचायच्या आधी बाण वाचा.” ते कागद आजही आमच्या फ्रीजवर आहेत.

हे सगळं मी इतक्या तळमळीने सांगते त्याला कारण आहे. टाइप वनमध्ये बरीच वर्षं काढली, शुगर वारंवार खाली जात राहिली, की शरीर इशारा द्यायचं बंद करतं. घाम येत नाही, थरथर होत नाही, छातीत धडधडत नाही. ॲड्रेनॅलिनचा तो धक्काच बोथट होतो. माझं चाळिशीनंतर हेच झालं. एकदा भायखळा गेल्यावर डब्यातल्या बायकांनी मला धरून बसवलं, मी काहीतरी असंबद्ध बोलत होते म्हणे. त्यातलं मला काही आठवत नाही. एका मुलीने स्वतःच्या बाटलीत लिमलेटच्या गोळ्या विरघळवून ते पाणी मला पाजलं. ती कोण होती हे मला पुढे कधीच कळलं नाही. माझा जीव वाचवणारी ती मुलगी मला रोज आठवते.

सुरुवातीच्या सेन्सरला फोन टेकवला तरच तो आकडा सांगायचा. आताचा स्वतःहून अलार्म देतो. मी खालचा अलार्म ७० ऐवजी ८० वर ठेवलाय, कारण मला गाडीत हालचाल करायला वेळ लागतो. तो वाजला की माझ्या ग्रुपमधल्या बायका माझ्या आधी बोलतात. “बाण कुठे आहे गं?” खाली म्हटलं की चौथ्या सीटवरची उठते आणि मला बसवते. पूर्वी मला सीट मागायची लाज वाटायची. धडधाकट दिसणाऱ्या बाईने काय म्हणून मागायची? आता मी फोन दाखवते आणि मागते. बाकीच्यांनीही मागावी. कुणी नाही म्हणत नाही, आपला डबा तेवढा चांगला आहे.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटं थांबायचं, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पण सेन्सरवाल्यांसाठी इथे एक खड्डा आहे. तुम्ही साखर घेतलीत, रक्तातली शुगर वर यायला लागली, तरी सेन्सर मागून येत असल्यामुळे आणखी दहा-पंधरा मिनिटं कमीच दाखवत राहतो. माणूस घाबरून आणखी खातो, मग आणखी. तासाभराने २८०. म्हणून लो झाल्यावरची, म्हणजे शुगर खाली गेल्यानंतरची, तपासणी बोट टोचूनच करा. तेवढ्यासाठी ग्लुकोमीटर पर्समधून कधीच काढू नका.

रात्रीचं वेगळंच नाटक असतं. पहाटे तीनला अलार्म वाजतो, स्क्रीनवर ५२. पुण्याहून लेकाचा फोन, कारण त्याच्याही फोनवर माझी शुगर दिसते. “आई, उठ, आधी साखर घे, मग बोल.” उठून बोट टोचते तर १०४. सेन्सर ज्या दंडावर आहे त्याच कुशीवर झोपलं की तिथला द्रव दाबला जातो आणि आकडा खोटा खाली जातो. आलेखात तो ओळखू येतो. एकदम कड्यावरून पडल्यासारखी रेघ आणि कूस बदलली की तशीच एकदम वर. खरा लो असा येत नाही, तो घसरत येतो. मला डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे म्हणून आता सेन्सर बहुतेक वेळा उजव्या दंडावर लावते. लेक मात्र अजून दरवेळी फोन करतो आणि तो फोन बंद कर असं मी त्याला सांगणार नाही.

खाण्याबद्दल सगळ्यांना सगळ्यात जास्त उत्सुकता असते. प्रत्येकाचं शरीर वेगळं, त्यामुळे माझा आलेख तुमचा होणार नाही, पण काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पोहे माझ्यासाठी उभा बाण. इन्शुलिन घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबून खाल्ले आणि सोबत मोड आलेले मूग किंवा अंडं असलं तर तोच बाण तिरका होतो. पिठलं-भाकरी त्यापेक्षा शांत. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दाण्याचं कूट असूनही माझा बाण सरळ वर जातो, म्हणून उपासाला मी ती वाटीभरच घेते आणि पोट दह्या-काकडीने भरते. पाडव्याचं श्रीखंड-पुरी मात्र फसवं. जेवून दोन तास झाले तरी आकडा सभ्य, बाण आडवा, घरचे म्हणतात बघ काही झालं नाही. तळण आणि चक्क्यातल्या स्निग्धामुळे पोटातून साखर हळूहळू उतरते आणि संध्याकाळी पाचला, हातात चहाचा कप असताना, बाण वर वळतो. त्या दिवसाचा डोस दोन भागांत कसा घ्यायचा हे मी डॉक्टरांना विचारून ठरवून घेतलंय.

आणि चालणं! दुपारचा डबा झाला की आम्ही तिघीजणी हॉर्निमन सर्कलला एक फेरी मारतो. चालणारे स्नायू साखर ओढून घेतात, त्यांना त्यासाठी एरवीइतकं इन्शुलिन लागत नाही. वर निघालेला बाण पंधरा-वीस मिनिटांत आडवा होताना मी डोळ्यांनी बघते. डॉक्टरांनी “चालत जा” म्हणून सांगितलेलं आणि आपला बाण आपल्यासमोर वळताना दिसणं, यात फार फरक आहे. माझ्यासोबतच्या दोघींपैकी एकीला टाइप टू आहे, गोळ्यांवर आहे. तिने एकदाच १४ दिवस सेन्सर लावला, तेवढ्यात तिला कळलं की तिची शुगर पहाटे काही न खाताच चढते. पहाटे शरीर स्वतःच कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन सोडतं आणि यकृत साखर बाहेर काढतं. रात्रीच्या बिचाऱ्या भाताला तिच्या घरी उगाच बोलणी बसत होती.

हवेचाही त्रास आहे, तो लपवत नाही. ऑक्टोबरमध्ये घामाने चिकटपट्टी सुटते. मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरला जी झुंबड उडते त्यात एकदा कुणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात अडकून माझा सेन्सर उपटला गेला, अजून आठवडाभर चालला असता. तेव्हापासून वरून रुंद टेप लावते आणि लोकलमध्ये लांब बाह्या घालते. सर्दीला व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर काही सेन्सर आकडा फुगवून दाखवतात, माहितीपत्रक वाचून घ्या.

डॉक्टर आता माझ्या एचबीए१सीकडे, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीकडे बघतात, पण आधी आलेख बघतात. तीन महिन्यांची सरासरी चांगली येऊ शकते आणि तरी माणूस रोज ४० आणि २४० मध्ये हेलकावे खात असू शकतो. त्याची सरासरी १४० च येणार ना! म्हणून २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून वेगळं माप ठरवलं. शुगर ७० ते १८० च्या पट्ट्यात दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ असावी, म्हणजे जवळपास १७ तास. आणि ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी, म्हणजे जेमतेम तासभर. वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या माणसांसाठी हे माप सैल असतं. मला हे माप माणुसकीचं वाटतं. उरलेले सात तास तुम्हाला माफ आहेत.

आता पैशांचं. एक सेन्सर पाच हजारांच्या आसपास, महिन्याला दोन. माझा पगार आहे, नवऱ्याचा आहे, तरी आम्ही इतर खर्चांना कात्री लावून हे करतो. माझ्या विम्यातून यातला एक रुपया मिळत नाही. ज्यांना सलग परवडत नाही त्यांना मी सांगते, डोस बदलताना, सणाच्या महिन्यात, आजारपणातून उठल्यावर एखादा लावा आणि त्या १४ दिवसांत आपला बाण शिकून घ्या. त्यातलं बरंच नंतर ग्लुकोमीटरवरही उपयोगी पडतं. पण टाइप वनच्या मुलांसाठी हा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. इंग्लंडमध्ये टाइप वन असलेल्या सगळ्यांना, लहान-मोठ्यांना, असा सेन्सर द्यावा अशी शिफारस तिथल्या नाइस या, उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये केली. आपल्याकडे ‘आयसीएमआर–इंडिॲब’ या देशभरच्या डायबेटिसच्या पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालानुसार दहा कोटींहून अधिक लोकांना डायबेटिस आहे. त्यात टाइप वनची मुलं थोडी, म्हणून त्यांचा आवाज पोचत नाही. सगळ्यांना आज देणं जमणार नाही हे मलाही कळतं. निदान ज्यांना झोपेत लो होतो हे स्वतः सांगता येत नाही अशा लहानग्यांपासून तरी पालिकेच्या, सरकारी रुग्णालयांनी सुरुवात करावी. हे मी भेटेल त्याला सांगते, इथेही सांगते.

आमच्या सोसायटीत चौथीतल्या एका मुलीला या वर्षी टाइप वन निघाला. तिची आई माझ्याकडे आली तेव्हा रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मुलीने मात्र माझ्या दंडाला हात लावून विचारलं, “आजी, हे दुखतं का?” मी म्हटलं, लावताना मुंगी चावल्यासारखं. सोसायटीतल्या काही जणांनी मिळून तिच्या पहिल्या काही महिन्यांच्या सेन्सरची सोय केलीय. बाणांचा तक्ता तिने स्वतः रंगवला, खालचा बाण लाल. शाळेत मोबाइलला बंदी, त्यामुळे सुरुवातीला नकार आला. मी आणि तिची आई डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो, मुख्याध्यापिकांना आलेख उघडून दाखवला, २४० आणि खाली बाण असताना काय करायचं नाही तेही समजावलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि वर्गशिक्षिकेला तिथेच बोलावून घेतलं. येत्या सोमवारपासून मुलीचा फोन बाईंच्या टेबलावर राहणार आहे, लिमलेटचा डबा तिच्या दप्तरात, आणि बाण खाली वळला तर तास चालू असतानाही, हात वर न करता, तिला गोळी तोंडात टाकायची मुभा आहे. पीटीच्या तासाआधी बाण बघायचा, हे लिहायचं राहिलं होतं. ते काल तिच्या आईने तक्त्यावर वाढवलं.